शब्दवेध: तिबेरिनुस

रोमच्या नदीचं जुनं नाव अल्बुला. लॅटिनमध्ये ‘अल्बुस’ म्हणजे पांढरा, त्यावरून ते आलं असावं. पुढे रोमजवळच्या आल्बा लाँगा या प्राचीन नगराचा राजा तिबेरिनुस ही नदी ओलांडताना बुडाला आणि तिचं नाव तिबेर झालं, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. ज्या पाण्यानं जीव घेतला त्याच पाण्याचा तो देव झाला, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. रोमन विद्वान वार्रो मात्र दुसरंही मत नोंदवतो: नाव एत्रुस्कन, शेजारच्या वेई या एत्रुस्कन नगराच्या थेब्रिस राजावरून पडलेलं. मलाही तेच अधिक पटतं. बुडालेला राजा बहुधा नावासाठीच रचला गेला.

रोमन लोक या देवाला ‘पिता तिबेरिनुस’ म्हणत. ‘तिबेरचा’ या अर्थानं मुलांची नावं तिबेरियुस ठेवली जात. त्यांतला एक सम्राट झाला. त्याच्या सन्मानार्थ गालीलचा शासक हेरोद अंतिपानं इ.स. 20च्या सुमारास गालील सरोवराकाठी तिबेरियास शहर वसवलं, आणि पुढे सरोवरालाही तेच नाव मिळालं. मराठी बायबलात हा शब्द ‘तिबिर्य’ होऊन येतो. एका इटालियन नदीचं नाव असं दूरच्या गोड्या पाण्यावर जाऊन टेकलं.