शिक्षा आणि इलाज

द्यूताच्या पटावरून धर्मराजालाही उठवलं नाही. अमेरिकी बेसबॉलपटू पीट रोझ तसाच. ४२५६ यशस्वी फटक्यांचा विक्रम त्याच्या नावावर; पण सामन्यांवर पैजा लावल्यामुळं १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. जुगाराचं व्यसन हा आजार असल्याचं अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्येच नोंदवलं होतं. आपल्याच संघावर पैजा लावल्याचं रोझ २००४ पर्यंत नाकारत राहिला. २०२४ मध्ये तो वारला. बंदी उठली २०२५ मध्ये.

इटलीचा फुटबॉलपटू सांद्रो टोनाली २०२३ मध्ये याच दोषात सापडला. त्यानं कबुली दिली. शिक्षा झाली दहा महिन्यांची बंदी, शिवाय आठ महिने उपचार आणि लोकांपुढं आपली कहाणी सांगण्याची अट. २०२४ मध्ये तो मैदानावर परतला.

मंडळी, घरातल्या जुगाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी एकदा डॉक्टरांकडे न्यावं, एवढंच.