मोठे वेटोळे की लहान?

एका शाळेत खो-खो खेळताना सातवीतल्या मुलीच्या कानातला सोन्याचा टॉप मैदानावर पडला. वजन जेमतेम एक ग्रॅम, पण आईने तो भिशीच्या पैशांतून केलेला. मुलांनी दोन दिवस माती चाळली. शेवटी विज्ञानाच्या शिक्षकांनी धातुशोधक यंत्र भाड्याने आणायचे ठरवले. यंत्राबरोबर दोन वेटोळी मिळत होती, एक परातीएवढे आणि एक बशीएवढे. ‘मोठे न्या, ते खोल जाते,’ असे देणाऱ्याचे म्हणणे. आणखी एका गृहस्थांनी तर मुठीत धरायची, अँटेना लावलेली एक दांडी देऊ केली. ती म्हणे शंभर पावलांवरून फक्त सोनेच दाखवते! शिक्षकांनी आम्हाला विचारले, यातले काय घ्यावे?

उत्तर एका ओळीत देता आले असते. पण हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात सोन्यापासून नव्हे, तर शिशाच्या एका गोळीपासून झाली.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो याने गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. डॉक्टर जखमेत बोटे आणि सळया घालून गोळी शोधत होते, तेही हात निर्जंतुक न करता. ही बातमी वाचून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल कामाला लागले. शरीर न कापता आतला धातू ‘ऐकता’ येईल, असे त्यांना वाटले.

त्यासाठी लागणारे तत्त्व तयार होते. लंडनमधील डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये ‘प्रवर्तन तुला’ नावाचे उपकरण मांडले होते. (हे ह्यूज मूळचे संगीताचे प्राध्यापक. कानावर विसंबणारे उपकरण त्यांना सुचावे यात नवल नाही!) तारेच्या एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेचे प्रवर्तन आपण दहावीला शिकवतोच. ह्यूज यांनी अशा दोन जोड्या एकमेकींविरुद्ध जोडल्या. दोन्ही सारख्या असतील तर परिणाम शून्य, म्हणजे टेलिफोनमध्ये पूर्ण शांतता. एका जोडीजवळ नाणे धरले की तोल बिघडतो आणि आवाज येतो.

नाणे असे काय करते? बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या आत पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह उठतात. त्यांना भोवरा-प्रवाह म्हणू. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि तेच दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. वर्गात दाखवायचे असेल तर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या जाड नळीतून चांगला चुंबक सोडून पाहा. तांबे चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक नळीतून रेंगाळत खाली येतो. त्याला अडवतात ते भोवरा-प्रवाह. सारांश, धातुशोधकाला सोने कळत नाही, कळतात फक्त भोवरा-प्रवाह. मग ते अंगठीतले असोत, औषधाच्या गोळ्यांच्या चमकदार पाकिटातले असोत की खिळ्यातले. पुढच्या साऱ्या इतिहासाची गोम इथेच आहे.

बेल यांनी सहकारी समनर टेंटर यांच्यासह उपकरण सुधारत नेले. ज्यांच्या शरीरात यादवी युद्धातल्या गोळ्या राहून गेल्या होत्या अशा जुन्या सैनिकांवर प्रयोग केले. दोन चपटी वेटोळी एकमेकांवर अर्धवट सरकवून, आवाज नेमका बंद होईल अशा जागी ठेवण्याची रचनाही याच कामातून आली. आजच्या धातुशोधकांत ‘डबल डी’ नावाने विकले जाणारे वेटोळे म्हणजे त्याच कल्पनेची पुढची पिढी.

२६ जुलै आणि १ ऑगस्ट असे दोनदा त्यांनी अध्यक्षांच्या शरीरावर वेटोळे फिरवले. पहिल्यांदा उपकरणात खरखर होती. एक जोडणी चुकली होती, हे नंतर कळले. दुसऱ्यांदा आवाज आला, पण एका ठिकाणी नव्हे, बऱ्याच मोठ्या भागावर मंद मंद. पलंगाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा आहेत, हे दुसऱ्या दिवशी उजेडात आले. बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथे संपते आणि सगळा दोष स्प्रिंगांना जातो. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोधही उजवीकडेच झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे, स्वादुपिंडामागे खोलवर सापडली. शिसे हा सोन्या-तांब्याच्या मानाने कमी सुवाहक धातू, वस्तू लहान आणि जागा खोल. स्प्रिंगा नसत्या तरी उपकरण बोलले असते का, याची शंकाच आहे.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे हे उपकरण फारसे पुढे सरकले नाही. रेडिओच्या निर्वात नळ्या आल्या तेव्हा त्याला बळ मिळाले. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले गेरहार्ड फिशर विमानांसाठी दिशा दाखवणारे रेडिओ बनवत. जमिनीत धातूचे साठे असतील तिथे त्यांच्या उपकरणाची दिशा चुकते, असे लक्षात आल्यावर त्यांनी त्या चुकीचेच यंत्र केले, अशी हकिगत सांगतात. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी आपली संस्था काढली. मग महायुद्ध आले. स्कॉटलंडमध्ये असलेले पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत शेकड्यांनी वापरला गेला. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले.

हा सुरुंग केवढा होता ते पाहा. जर्मनांच्या रणगाडाविरोधी सुरुंगाचे नावच ‘टेलरमाइन’, म्हणजे थाळी-सुरुंग. सुमारे ३२ सेंटिमीटर व्यासाचे पोलादी ताट! त्याला शोधणारे वेटोळेही मोठेच हवे. युद्धानंतर ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली आणि हौशी लोक ती घेऊन सोने शोधायला निघाले. ताट शोधणाऱ्या यंत्राने मोहरी शोधण्यासारखाच तो प्रकार.

खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ पासून सोने काढले जात होते. तिथली माती लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेली, साधारण आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. अशी माती स्वतःच यंत्राला डिवचते. आपल्या नदीतल्या वाळूत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवून पाहा. काळी पूड चिकटते ती बहुतेक मॅग्नेटाइटची असते. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून ती आलेली. गारफील्डच्या पलंगात स्प्रिंगा होत्या, इथे सारी जमीनच स्प्रिंगांची!

१९८० मध्ये व्हिक्टोरियातील किंगोअर येथे केव्हिन हिलियर यांना धातुशोधकाने ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा सापडला. तो सुमारे ३० सेंटिमीटर खोल होता आणि त्याचे वजन २७ किलोहून अधिक होते. वर्तमानपत्रांना हीच बातमी प्रिय. पण असा गोळा मिळणे यंत्राच्या दृष्टीने सोपे आहे. अवघड असतो तो तांदळाच्या दाण्याएवढा कण.

तो अवघड का, ते थोडे गणित करून पाहू. लहान गोळीत भोवरा-प्रवाहांपासून मिळणारा परिणाम, वारंवारता तीच असताना, त्रिज्येच्या पाचव्या घाताने बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की परिणाम बत्तिसावा हिस्सा. यावर एक उपाय म्हणजे वारंवारता वाढवणे. शुद्ध सोन्यात १० किलोहर्ट्झचे बदलते क्षेत्र सुमारे ०.८ मिलिमीटर शिरते, ७१ किलोहर्ट्झचे सुमारे ०.३ मिलिमीटर. पातळ कणात दमदार भोवरा उठवायचा तर जास्त वारंवारता बरी. फिशर यांच्या नावाच्या कंपनीचे ‘गोल्ड बग-२’ हे बारीक सोन्यासाठीचे यंत्र ७१ किलोहर्ट्झवर चालते ते यासाठीच. मात्र जास्त वारंवारतेला लाल मातीचा त्रासही जास्त होतो.

दुसरा उपाय स्पंदनाचा. प्रवाहाचा झटका द्यायचा, तो एकदम तोडायचा आणि मग कान देऊन ऐकायचे. मातीचा बराचसा प्रतिसाद झटक्याबरोबर संपतो, धातूतला भोवरा थोडा वेळ घुमत राहतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये पुरातत्त्वाच्या कामासाठी ही पद्धत आली. १९९५ मध्ये अॅडलेडच्या मिनलॅब कंपनीने ब्रूस कँडी यांच्या रचनेचे ‘एसडी २०००’ हे यंत्र काढले आणि पिंजून काढलेल्या शेतांतून पुन्हा सोने निघू लागले. पण इथेही लहान कण दगा देतो. २ सेंटिमीटर व्यासाच्या शुद्ध सोन्याच्या गोळीत भोवरा विरायला सुमारे ५०० मायक्रोसेकंद लागतात, २ मिलिमीटरच्या गोळीत फक्त ५. यंत्राचे स्वतःचे वेटोळे शांत व्हायच्या आतच त्याचे बोलणे संपलेले असते.

आता मूळ प्रश्न. वेटोळ्याच्या अक्षावरचे क्षेत्र, प्रवाह व वेढे तेच ठेवले तर, र² ÷ (र² + अ²)^३/२ या प्रमाणात असते. र म्हणजे त्रिज्या, अ म्हणजे अंतर. क्षेत्र जाताना आणि परत येताना असे दोनदा क्षीण होते, म्हणून उत्तराचा वर्ग करायचा. १५ सेंटिमीटर आणि ३८ सेंटिमीटर व्यासाची दोन वेटोळी घ्या. वस्तू ५ सेंटिमीटर खोल असेल तर लहान वेटोळे सुमारे अडीचपट जोरात बोलते. तीच वस्तू २५ सेंटिमीटर खोल असेल तर मोठे वेटोळे तेरापटींहून जोरात बोलते. हे आकडे विद्यार्थ्यांकडून करून घ्या, अर्धा तास मजेत जाईल. म्हणजे ‘मोठे खोल जाते’ हे खोटे नाही. पण एक ग्रॅमच्या दागिन्याचा क्षीण आवाज २५ सेंटिमीटरवरून मोठ्या वेटोळ्यालाही सहसा ऐकू येत नाही. शिवाय मोठे वेटोळे एका वेळी अधिक माती, अधिक खिळे, अधिक बुचे पाहते, आणि आवाज नेमका कुठून आला हे सांगताना चाचपडते.

आणि ती अँटेनावाली दांडी? पुरेसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज चौसष्टावा हिस्सा होतो. शंभर पावलांवरच्या अंगठीचे काय उरेल ते मोजायचीही गरज नाही. अशा दांडीच्या आत सहसा काही नसतेच. मूठ किंचित कलली की ती फिरते. अमेरिकेत गोल्फचे चेंडू शोधायला म्हणून विकल्या जाणाऱ्या अशाच खेळण्यावरून बेतलेला ‘एडीई ६५१’ हा बनावट बॉम्बशोधक इराकमध्ये हजारो डॉलरना एक या भावाने विकला गेला आणि तपासणी नाक्यांवर वापरला गेला. विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने अशी दांडी घेणारेही असतात. त्यांना एवढेच सांगा की १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते.

आम्ही शिक्षकांना बशीएवढे वेटोळे घ्यायला सांगितले. जोडीचा दुसरा टॉप मुलीकडे होताच. तो कागदाखाली ठेवून, त्याच मैदानावर यंत्र कसे बोलते ते आधी ऐकून घ्या. मैदानाचे दोरीने पट्टे पाडा, वेटोळे जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा. लोखंड वगळायचे बटण वापरू नका, बारीक सोने त्यात वगळले जाते. आणि बेल यांच्या गादीची आठवण ठेवून घड्याळ, किल्ल्या, कडी काढून ठेवा.

पहिल्या दिवशी सोड्याच्या बाटल्यांची नऊ बुचे, गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे आणि कंपासपेटीतले एक कर्कटक निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, खो-खोच्या खांबापासून हातभर अंतरावर, दोन बोटे मातीखाली टॉप मिळाला. फिरकी मात्र मिळाली नाही. मुलांनी तेवढा पट्टा आणखी तीनदा फिरवला.