न आलेला निमंत्रित

साहित्य संमेलनातली भाषणे आपण विसरतो. मांडवातल्या भेटीगाठी मात्र लक्षात राहतात. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावण्यामागे परस्परपरिचय हाही एक हेतू होताच. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी ७ फेब्रुवारी १८७८ रोजी ‘ज्ञानप्रकाशा’तून तसे आवाहन केले आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत पहिली ग्रंथकार सभा भरली. अध्यक्ष स्वतः रानडेच होते.

दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यातच भरली, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली. आज त्या सभेचे नाव निघते ते मुख्यतः तिथे न गेलेल्या एका ग्रंथकारामुळे.

जोतीराव फुले यांना निमंत्रण होते. पुण्यातल्या विद्वन्मंडळाला ते अपरिचित होते असे मुळीच नाही. १८४८ पासून त्यांचे शैक्षणिक कार्य शहरासमोर होते. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली होती. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींच्या पुण्यातल्या मिरवणुकीला विरोध झाला, तेव्हा रानडे आणि जोतीराव एकाच बाजूला उभे होते. म्हणजे ओळख करून घेण्यासाठी सभेला जाण्याची त्यांना गरज नव्हती, आणि नकाराचे कारण व्यक्तिगत दुरावा हेही नव्हते.

त्यांनी पाठवलेले उत्तर ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त छापून आले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे पत्र आशयाबरोबरच पत्रलेखनाचा नमुना म्हणूनही वाचावे, असे आम्हांस वाटते. आरंभी निमंत्रण पोहोचल्याची रीतसर पोच आहे, त्यामुळे झालेला आनंदही शिष्टाचारानुसार नोंदवलेला आहे. मग एक ‘परंतु’ येतो आणि सारा शिष्टाचार उपरोधाच्या धारेवर चढतो. जे मानवी हक्क सर्वांना मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, ते त्या ग्रंथांत येतच नाही. म्हणून आपला विचार आपणच करावा, हा त्यापुढचा निष्कर्ष.

रानड्यांवर अन्याय होऊ नये. ग्रंथनिर्मितीविषयीची त्यांची कळकळ खरी होती. पण ‘ग्रंथकार’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जो समूह होता, तो एकजिनसी आहे असे धरूनच निमंत्रणे गेली असणार. जोतीरावांनी बोट ठेवले ते नेमके या गृहीतकावर. सभेत उठून त्यांनी हेच सांगितले असते, तर कदाचित ते इतिवृत्तातल्या एका ओळीत मिटले असते (सभांची इतिवृत्ते कशी लिहिली जातात, हे आम्हां शिक्षकांना चांगलेच ठाऊक आहे). पत्र छापले गेले, आणि म्हणून ते त्यांच्याच शब्दांत उरले.

पुढची सभा भरायला १९०५ साल उजाडले. ती साताऱ्यास झाली. १९०६ च्या पुण्यातील संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि त्यानंतर संमेलनाची परंपरा रुजत गेली. त्या पत्राचीही परंपरा झाली. १९९९ साली मुंबईत धारावी येथे बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. आपली मुळे सांगताना ही चळवळ १८८५ च्या त्या नकाराकडेच बोट दाखवते.