‘टेक डाऊन’ म्हणजे लिहून घ्या की बंद करा? इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज समजून घेऊया

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं आणि मी नांदगावला घरून काम करत होतो. शुक्रवारी संध्याकाळी सीनियरचा मेसेज आला: ‘टेक डाऊन द टेस्ट सर्व्हर.’ ‘टेक डाऊन’ म्हणजे लिहून घेणे, एवढंच मला शाळेपासून माहीत होतं. मी सर्व्हरचं नाव आणि आयपी अ‍ॅड्रेस वहीत उतरवला आणि ‘डन’ म्हणून कळवलं. सोमवारी समजलं की सर्व्हर बंद करायचा होता. क्लाउडवरच्या सर्व्हरचं भाडं तासांवर लागतं. शनिवार-रविवारचं भाडं फुकट गेलं.

गंमत म्हणजे माझा अर्थ चुकीचा नव्हता, फक्त तिथे लागू नव्हता.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे काय?

साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, डाऊन, ऑफ, ओव्हर असा छोटा शब्द. दोन्ही मिळून वेगळाच अर्थ तयार होतो. मराठीत आपण हेच दुसऱ्या पद्धतीने करतो. ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून टाक’ यात लिहिणं तेच आहे, पण पुढच्या शब्दाने अर्थ फिरतो. इंग्रजीत हे काम छोटा शब्द करतो.

‘टेक’ची नेहमीची रूपं

- टेक डाऊन: लिहून घेणे, सर्व्हर बंद करणे, वेबसाइटवरचा मजकूर काढून टाकणे. बातम्यांमधली ‘टेकडाऊन नोटीस’ ती हीच.
- टेक ओव्हर: ताबा घेणे. जानेवारी 2022 मध्ये टाटा समूहाने एअर इंडिया ‘टेक ओव्हर’ केली. तुमच्या अकाउंटबद्दल हा शब्द ईमेलमध्ये दिसला, तर अकाउंट दुसऱ्याच्या हातात गेल्याचा इशारा समजा. मात्र असे ईमेल खोटेही असतात, म्हणून त्यातल्या लिंकवर क्लिक न करता थेट अ‍ॅप उघडून तपासा.
- टेक अप: जागा किंवा वेळ खाणे. ‘धिस अ‍ॅप टेक्स अप टू जीबी’ म्हणजे अ‍ॅपने 2 जीबी जागा व्यापली आहे.
- टेक ऑन: काम किंवा जबाबदारी अंगावर घेणे.
- टेक ऑफ: विमानाने उड्डाण करणे. आपल्या चिपी विमानतळामुळे हा शब्द ओळखीचा आहे. एखादं अ‍ॅप अचानक लोकप्रिय झालं तरी हाच शब्द वापरतात.

अर्थ कसा ओळखायचा?

आधी छोटा शब्द बघा, मग क्रिया कशावर होतेय ते बघा. ‘डाऊन’चे दोन गट लक्षात ठेवा. राइट डाऊन, नोट डाऊन यात गोष्ट कागदावर उतरते. शट डाऊन, गो डाऊन यात चालू असलेली गोष्ट बंद पडते. आपणही ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतोच की! फोन नंबर ‘टेक डाऊन’ करायचा असेल तर लिहा, सर्व्हर असेल तर बंद करा.

वापरताना तीन गोष्टी

1. क्रियापद असेल तर दोन शब्द वेगळे लिहा, नाम असेल तर सहसा एकत्र. बटणावर ‘लॉग इन’ सुटं, पण ‘लॉगिन पेज’ जोडून. भूतकाळी रूप ‘लॉग्ड इन’. ‘लॉगिन्ड’ असा शब्द नाही.
2. ‘टेक डाऊन द सर्व्हर’ आणि ‘टेक द सर्व्हर डाऊन’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टेक इट डाऊन’. ‘टेक डाऊन इट’ चूक.
3. डिक्शनरीत ‘टुक’ किंवा ‘टेकन’ न शोधता मूळ ‘टेक’खाली बघा. गूगलवर शोधताना सोबत ‘सर्व्हर’ किंवा ‘अकाउंट’ असा संदर्भाचा शब्द टाका.

एवढं करूनही शंका राहिली तर सरळ विचारा. मी आता लिहितो, ‘यू मीन शट इट डाऊन, राइट?’ हा प्रश्न टाइप करायला दहा सेकंद लागतात. तो त्या शुक्रवारी मी विचारला नव्हता.