पावडरीचा डबा आणि त्यामागचे हात

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज पावडरीच्या डब्याचा इतिहास सांगणार आहोत. विषय हलका वाटेल. परंतु जी वस्तू तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घातल्याबरोबर त्याच्या अंगाला लागते आणि घामाच्या दिवसांत आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्यांना हवी असते, ती हलकी कशी म्हणावी? शिवाय हा इतिहास आमच्या दारातला आहे. घाटकोपरहून मुलुंडला लोकलने जाताना विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर ही स्थानके लागतात. एवढ्याशा पट्ट्यात साबण झाले, पावडरी झाल्या, औषधे झाली. सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास बहुधा आरशापुढे बसून लिहिला जातो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला तो कारखान्याच्या फाटकातून दिसतो.

पहिल्याप्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पूर्वी सारे घरगुती आणि म्हणून निर्धोक होते, आणि कारखाने आले तेव्हा विष आले, असे पुष्कळांना वाटते. उटणे, शिकेकाई, हळदीला लिंबाचा रस देऊन केलेले कुंकू, तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ ही निर्धोक होती, हे खरे. परंतु शेंदूर शिशापासून होतो आणि हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. ही दोन्ही द्रव्ये आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. तिकडे युरोपात श्रीमंत स्त्रिया गोरेपणासाठी चेहऱ्याला सफेदा लावीत, तोही शिशाचाच. तो लावणाऱ्या स्त्रियांची कातडी खराब होई. पण तो तयार करणाऱ्या कामगारांना पोटशूळ उठे आणि त्यांचे हात लुळे पडत. रंगाऱ्यांची हीच अवस्था पाहून आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ मध्ये घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला. एखाद्या द्रव्याचा दोष प्रथम कोणाच्या शरीरावर उमटतो, याचे हे जुने उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे ते कामी येईल.

आता मुंबईकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गोदरेजांनी वनस्पती तेलांपासून साबण काढला. चरबी नसलेला साबण ही गोष्ट त्या काळी निव्वळ व्यापाराची नव्हती. तीत सोवळेओवळे होते आणि स्वदेशीही होती. पुढे याच गोदरेजांची वसाहत विक्रोळीस उभी राहिली. १९१९ मध्ये इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत 'अफगाण स्नो' हे चेहऱ्याला लावायचे क्रीम काढले आणि ते देशभर पोचले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली. विलायती प्रसाधनांवर चलन खर्च होते, ते वाचावे असे पंतप्रधान नेहरूंना वाटले आणि १९५२ मध्ये टाटांच्या तेल गिरणी कंपनीने 'लॅक्मे' सुरू केली. याच सुमारास जॉन्सन अँड जॉन्सनची बेबी पावडर आली. १९४८ पासून ती मुंबईत दुसऱ्या एका कंपनीकडून तयार करून घेतली जात होती; १९५७ मध्ये येथे स्वतंत्र कंपनीची नोंदणी झाली आणि १९५९ मध्ये मुलुंडला तिचा पहिला कारखाना निघाला.

या कारखानदारीने आमच्या उपनगरांत एक नवा कामगारवर्ग आणला: पॅकिंग खात्यातल्या मुली. भरणे, झाकण लावणे, लेबल चिकटवणे ही कामे त्यांच्याकडे असत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत असा नियम होता की, पॅकिंगच्या खात्यातील मुलीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपे. लग्न झालेल्या बायका फार रजा घेतात, असे कारण दाखवले जाई. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. ज्या काळी जाहिरातीतली आई गोंडस बाळासह हसत होती, त्याच काळी डबे-बाटल्या भरणाऱ्या मुलीला आई होण्याच्या वाटेवर नोकरी सोडावी लागत होती.

कायदा या साऱ्याच्या मागून चालत आला. १९४० चा कायदा केवळ औषधांचा होता. १९६२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधने आली आणि १९६४ पासून ती अमलात आली. त्या वेळीही साबण व्याख्येतून वगळलेला होता. तो १९८२ च्या दुरुस्तीने आत आला. शिसे व अर्सेनिक यांच्या संयुगांनी रंगवलेल्या प्रसाधनांवर बंदी आली. २०१४ मध्ये प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी घेण्यास मनाई झाली आणि २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली निघाली. डब्यावर घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि त्याहून कमी असलेले पुढे कोणत्याही क्रमाने. म्हणून यादीतले पहिले नाव म्हणजे त्या डब्याचा मुख्य ऐवज. जुन्या पावडरीच्या डब्यावर ते नाव असे 'टाल्क'.

टाल्क म्हणजे आपले शंखजिरे. हा सर्वांत मऊ दगड, नखानेही ओरखडता येतो; दळला की रेशमासारखा होतो आणि घाम व तेल धरून ठेवतो. भारतात निघणाऱ्या शंखजिऱ्याचा फार मोठा वाटा राजस्थानचा; उदयपूर, डुंगरपूर, भीलवाडा या बाजूला त्याच्या खाणी आहेत. आता येथे निसर्गाची एक खोड आहे. ज्या मॅग्नेशियमयुक्त खडकांतून शंखजिरे तयार होते, त्यांतूनच ॲस्बेस्टॉसही तयार होते, आणि काही ठिकाणी दोघांचे थर शेजारी शेजारी असतात. खाणीची जागा नीट निवडली नाही, माल तपासून घेतला नाही, तर मऊ पावडरीत ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू येऊ शकतात. ते श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथेच रुततात आणि वीस-तीस वर्षांनी रोग दाखवतात.

ॲस्बेस्टॉस हे नाव आमच्या पट्ट्याला नवे नव्हते. मुलुंडला त्याचे सिमेंटचे पत्रे होत, घाटकोपरला मोटारींच्या ब्रेकची अस्तरे होत. दम लागतो म्हणून निवृत्त झालेला कामगार, आणि 'बिडीमुळे होते' असे सांगून त्याला परत पाठवणारा डॉक्टर, ही जोडी आम्ही अनेकदा पाहिली आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या ग्राहक संस्थेच्या अर्जावर निकाल दिला की, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद दीर्घकाळ जपली पाहिजे. हा अर्ज ग्राहकांच्या संस्थेने केला होता, कामगारांच्या नव्हे. ग्राहक व कामगार यांचे हित एकच आहे, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

आता मुलुंडची हकीकत. २००७ मध्ये बेबी पावडरीच्या पंधरा खेपा जंतुमुक्त करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड या वायूचा वापर झाला होता. हा वायू कर्करोगकारक आहे. पावडरीत त्याचा अंश राहिला की नाही, याची चाचणी झाली नव्हती. या कारणावरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१३ मध्ये मुलुंडचा प्रसाधनांचा परवाना रद्द केला. खेपा २००७ च्या आणि कारवाई २०१३ ची! मधल्या काळात ती पावडर कितीतरी पाळण्यांपर्यंत पोचून संपलीसुद्धा होती.

डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जॉन्सन कंपनीचे जुने कागद तपासून प्रसिद्ध केले की, १९७१ पासून पुढे अनेक वर्षे काही चाचण्यांत ॲस्बेस्टॉसचे अल्प अंश आढळले होते व कंपनीला ते माहीत होते. कंपनीने हा आरोप नाकारला. त्याच महिन्यात आपल्याकडे मुलुंड व हिमाचलातील बद्दी येथे तपासनीस गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारी चाचण्यांत ॲस्बेस्टॉस आढळले नसल्याचे कंपनीने जाहीर केले. ही बाजूही नमूद केली पाहिजे. अर्धी हकीकत सांगून टाळ्या मिळवणे आम्हांला मान्य नाही.

परंतु गोष्ट संपली नव्हती. डिसेंबर २०१८ मध्येच पुणे व नाशिक येथून घेतलेल्या नमुन्यांत सामू, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा, मर्यादेबाहेर आढळला. त्यावरून परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नव्याने नमुने घेऊन तीन प्रयोगशाळांत तपासले गेले. ते प्रमाणात बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने परवाना रद्द करण्याचा हुकूम मोडीत काढला आणि प्रशासनाने लावलेल्या विलंबावर बोट ठेवले. तोवर कंपनीनेच ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले होते की, २०२३ पासून जगभर बेबी पावडरीत शंखजिऱ्याऐवजी मक्याचे पीठ वापरले जाईल. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने शंखजिऱ्याला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले.

या साऱ्यात खरा दोष विलंबाचा आहे. पावडर सदोष असेल तर चार वर्षे ती मुलांच्या अंगाला लागली. ती निर्दोष असेल तर परवाना उगाच रद्द झाला आणि कामगारांच्या घरी चूल पेटेल की नाही, हा प्रश्न उगाच उभा राहिला. प्रयोगशाळा अपुऱ्या, तपासनीस थोडे, कागद संथ. याचा दंड दोन्हीकडून गरिबानेच भरायचा. म्हणून 'कारखाना बंद करा' आणि 'नोकऱ्या वाचवा' या दोन घोषणा आम्हांला अपुऱ्या वाटतात. चाचणी महिन्याभरात झाली पाहिजे आणि तिचा निकाल फाटकावर लागला पाहिजे, ही मागणी आई व कामगार दोघांनाही करता येते.

मोठ्या कारखान्याला निदान फाटक तरी असते. आज त्याहून वाईट माल बिनफाटकाचा येतो. गोरेपणाचे वेड आपल्याकडे जुने. १९७५ मध्ये निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये बदलले, वेड बदलले नाही. त्या वेडावर पाऱ्याची क्रीमे विकली जातात. पारा कातडीचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा चार दिवस उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे नासवतो. अकोल्याच्या एका घरातील तिघींना असे झाले आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासणीत क्रीममधला पारा उघडकीस आला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात असेच अनेक रुग्ण नोंदवले. अशा क्रीमवर ना परवाना क्रमांक, ना उत्पादकाचा पत्ता, ना घटकांची यादी. हिंगुळातला पारा असा नव्या डबीत बसून परत आला आहे.

तर सामान्य माणसाने करायचे काय? प्रथम, डबा उलटून वाचावा. परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसेल तर तो दुकानातच ठेवावा. दुसरे, कायद्याच्या २६ व्या कलमाची आठवण ठेवावी. विकत घेतलेले औषध वा प्रसाधन ठरावीक फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीसाठी देण्याचा हक्क त्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आणि मान्यताप्राप्त ग्राहकसंस्थेला दिला आहे. एकट्याला ते जड जाते. पण एखादी चाळ, एखादी गृहनिर्माण संस्था, एखादे महिला मंडळ वर्षातून दोन नमुने सहज पाठवू शकते. तिसरे, कामगाराला विचारावे. गोणीतून काय आले, धूळ किती उडते, पंखा चालतो की नाही, हे त्याला यादीपेक्षा अधिक कळते. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने धोक्याच्या कामांतील मालकांवर ते धोके कामगारांना सांगण्याचे बंधन घातले. ती माहिती फाटकाबाहेर नागरिकांपर्यंत आणण्याचे काम युनियनचे आहे, आणि त्यात आम्ही कसूर करता कामा नये.

डब्यावरच्या यादीत शंखजिरे असते, सुगंध असतो, रंगही असतो. खाणीत ते फोडणारा, चक्कीवर दळणारा आणि पट्ट्यावर भरणारी यांची नावे तीत कधीच नसतात. पण पावडरीत काही वावगे असेल, तर ते आपल्या मुलांच्या अंगाला लागण्याआधी त्यांच्या श्वासात गेलेले असते. त्यांच्या खोकल्याकडे वेळीच लक्ष दिले, तर आपल्या मुलांनाही त्याचा लाभ होईल.