कोबी: हंगेरीचा आणि आपला

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या भाजीबाजारात कोबी नाही, असा दिवस विरळाच. तरीही ही भाजी आपल्याकडची मूळची नव्हे. तिचे नावच 'कोव्ह' या पोर्तुगीज शब्दापासून आले आहे. वसई १५३४ ते १७३९ आणि ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. पाव, बटाटा हे शब्दही त्यांच्याच भाषेतले. गंमत अशी, की पोर्तुगालमध्ये 'कोव्ह' हे पालेभाजीसकट साऱ्या कुळाचे नाव आहे. घट्ट गड्ड्याला तेथे 'रेपोल्यु' म्हणतात.

हंगेरीतही कोबीचे नाव, 'कापोस्ता', शेजारच्या स्लाव भाषांतून उसने घेतलेले आहे. पण तेथे कोबीचे काम वेगळे होते. हिवाळ्यात जमीन गोठली की ताजा पाला मिळत नसे. म्हणून शरद ऋतूत कोबी बारीक चिरून, मीठ लावून पिंपात दाबून ठेवत. मिठाने पानांतले पाणी सुटते, हवा आत शिरत नाही आणि पानांवरचेच जिवाणू शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. या आम्लात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत, आणि क जीवनसत्त्वही बरेचसे टिकते. स्कर्व्ही टाळण्यासाठी कॅप्टन कुकने १७६८च्या सफरीत असा आंबट कोबी जहाजावर नेला होता. पुढे हंगेरीचेच आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये हे द्रव्य प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींबरोबर संत्री आणि कोबी यांतूनही वेगळे केले. ते क जीवनसत्त्व आहे, हे मात्र १९३२ मध्ये कळले. ते भरपूर मिळाले सेगेद गावच्या लाल मिरचीतून. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे पिंपाची गरजच पडली नाही. लिंबू, आवळा, ओली मिरची हाताशी. शिवाय कोकणच्या उष्म्यात आंबवलेली पाने लवकर मऊ पडतात. आपण कोबी ताजाच शिजवला: चणाडाळ घालून, किंवा कायस्थ प्रभू घरांत बेसनात कालवून भानोले म्हणून. त्यात क जीवनसत्त्व बरेच जाते, पण चव मात्र राहते!

थंडीचा हिशेब मात्र कोबीला चुकत नाही. हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या वर्षी गड्डा धरतो. फूल येण्यासाठी त्याला कित्येक आठवडे सुमारे ४ ते १० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून जुन्या वाणांचे बी कुलू खोऱ्यातल्या कतराईंसारख्या थंड ठिकाणी तयार होते. मुरबाडचा शेतकरी वालाचे बी घरच्या कणगीत राखू शकतो. कोबीचे बी त्याला दर हंगामात विकतच आणावे लागते.