आग्र्याचा किल्ला : पाहावा की न पाहावा?

उत्तर हिंदुस्थानात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाकडे गावाकडचे पाहुणे आले की दोन दिवसांच्या आत एक प्रश्न हमखास निघतो : आग्र्याला कधी जायचे? ताजमहालाविषयी मतभेद नसतो; तो पाहिल्यावाचून परत गेल्यास गावी तोंड दाखवायची सोय राहत नाही. वाद निघतो तो किल्ल्याविषयी. एक पक्ष म्हणतो, महाराज जेथे कैदेत होते ती जागा मुलांना दाखविलीच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, उन्हातान्हात तिकीट काढून आपल्या राजाच्या अपमानाची जागा पाहावयास जाणे हा कोठला पुरुषार्थ? मंडळाच्या सहलींच्या निमित्ताने हा वाद मी अनेकदा ऐकला आहे आणि दोन्ही बाजूंनी थोडाथोडा बोललोही आहे. परंतु या वादात मूळची एक गोष्ट बहुधा दोन्ही पक्षांच्या ध्यानात नसते. ती ही की, महाराज आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत नव्हतेच.

हे विधान काहींना खटकेल, म्हणून थोडा विस्तार करणे अगत्याचे आहे. आग्र्याच्या प्रकरणाची आपल्या मनातील चित्रे मुख्यतः बखरींनी रंगविलेली आहेत. सभासदाची बखर झाली तरी ती राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे घटनेनंतर एक पिढी उलटल्यावर लिहिलेली. सुदैवाने त्याहून जवळचा पुरावा उपलब्ध आहे. मिर्झाराजे जयसिंग दक्षिणेत असताना त्यांचा मुलगा कुंवर रामसिंग आग्र्यास दरबारी हजर होता, आणि त्याच्या पदरच्या माणसांनी तेथून अंबेरच्या अंमलदारांस राजस्थानी भाषेत वेळोवेळी पत्रे लिहिली. परकालदासाने कल्याणदासास लिहिलेली पत्रे त्यांपैकीच. जयपूरच्या दप्तरातील हे कागद जदुनाथ सरकारांनी अभ्यासकांपुढे आणले, आणि या प्रकरणाचा दिवसादिवसाचा वृत्तांत हाती आला. लिहिणारे मराठे नव्हेत, महाराजांचे भाटही नव्हेत. धन्यावर कोणते बालंट येईल या काळजीने ग्रासलेले कारकून. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे.

या पत्रांवरून दिसते ते असे. ५ मार्च १६६६ रोजी राजगडाहून निघालेले महाराज १२ मे रोजी, ऐन उन्हाळ्यात, आग्र्यास पोहोचले व त्याच दिवशी दरबारात गेले. बादशहाच्या वाढदिवसाचा तो दरबार. दिवाणेआम आटोपून औरंगजेब दिवाणेखासमध्ये येऊन बसला होता. नजर झाली, निसार झाला. बादशहा एक शब्दही बोलला नाही. महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत नेऊन उभे करण्यात आले. पुढे खिलती वाटल्या गेल्या. शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगालाही मिळाली, यांना नाही. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आल्याचे आणि रामसिंगाने काय झाले म्हणून विचारल्याचे वर्णन आहे. त्यावर भर दरबारात त्यांनी संताप व्यक्त केला, बादशहाकडे पाठ फिरविली आणि एका बाजूस जाऊन बसले. रामसिंगाने परोपरीने समजाविले. परंतु ते परत पुढे गेले नाहीत, की नंतर देऊ केलेली खिलतही अंगावर चढविली नाही.

त्यानंतर ते किल्ल्यातून बाहेर पडले आणि रामसिंगाच्या डेऱ्याजवळच्या आपल्या मुक्कामी गेले. पुढचे तीन महिने त्यांच्याभोवती चौक्या पहारे बसले ते त्या मुक्कामाभोवती. शहरकोतवाल फुलादखानाची माणसे तेथे होती. एकदा त्यांना रादअंदाजखानाच्या घरी नेण्याचा हुकूम सुटला होता. तो अमलात आला असता तर जिवाचीच आशा उरली नसती. पण रामसिंग आडवा आला. आधी मला मारा, अशा आशयाचे तो बोलला आणि शेवटी महाराजांच्या जबाबदारीचा जामीनकतबा त्याने स्वतः लिहून दिला. १७ ऑगस्टला महाराज निसटले तेही त्याच मुक्कामातून. ही जागा आजच्या आग्र्यात नेमकी कोठे येते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने आग्र्यात स्मारक उभारण्याचे जाहीर केल्यापासून त्या चर्चेला पुन्हा तोंड फुटले आहे.

मग किल्ल्यातली कोठडी आली कोठून? मला वाटते, दोन कैदांची येथे गल्लत झाली आहे. त्या किल्ल्यात एक कैदी खरोखर होता. १६५८ पासून शाहजहान तेथे मुलाच्या नजरकैदेत होता आणि जानेवारी १६६६ मध्ये तेथेच वारला. महाराज दरबारात गेले तेव्हा त्या मृत्यूला चारच महिने झाले होते. मुसम्मन बुरुजातून नदीकाठचा ताज दाखवीत वाटाडे ती कथा सांगतात. ऐकणाऱ्याच्या मनात ‘आग्रा, किल्ला, औरंगजेबाची कैद’ एवढे शब्द एकत्र पडले की मराठी माणूस आपला राजा तेथे आणून बसवितो. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्यानेही हा समज पक्का होतो. पुतळ्याचा दोष नाही. तो कैदेविषयी काही बोलत नाही.

एका सहलीतला प्रसंग सांगतो. आमच्यातल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने वाटाड्याला हिंदीत विचारले, "शिवाजी महाराज की कोठरी कौनसी?" वाटाड्याने क्षणभर आमच्या घोळक्याकडे पाहिले, आम्ही कोण हे ओळखले, आणि समोरच्या एका कुलूपबंद दाराकडे बोट दाखविले. बायकांनी हात जोडले. मुलाने दाराला कपाळ टेकविले. मला ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो. त्या वाटाड्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याने गिऱ्हाइकाला हवे ते दिले. माझे गप्प बसणे मात्र मला आजही बोचते. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना इतिहास शाळेतून फारसा मिळत नाही. जो मिळतो तो आपल्याकडून आणि अशा सहलींतून. तो मुलगा खोट्या दाराला कपाळ लावून परतला, आणि खरी जागा तेथून हाकेच्या अंतरावर होती.

ती खरी जागा म्हणजे दिवाणेखास. शाहजहानाने बांधविलेली ही वास्तू, तिच्यासमोरील गच्ची, तीवरचे जहांगीराचे काळे सिंहासन हे सारे आजही पाहावयास मिळते. कैदेची खोली नसली तरी, एक माणूस परक्या सत्तेच्या मध्यभागी, नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन उभा असताना, बादशहाकडे पाठ करून चालू लागला, ही गोष्ट त्या वास्तूत घडली. अपमानाची जागा म्हणून ती टाळणाऱ्या पक्षाला मी म्हणेन की, अपमान गिळला गेला असता तर ती अपमानाची जागा ठरली असती.

ज्या दरवाजाने आपण आत जातो त्याचे नावही या संदर्भात मननीय आहे. १६४४ मध्ये अमरसिंग राठोडाने शाहजहानाच्या दरबारात सलाबतखानाला कट्यारीने ठार केले आणि तोही तेथेच मारला गेला. त्याच्या नावाने पुढे तो दरवाजा ओळखला जाऊ लागला. हा अमरसिंग जसवंतसिंगाचा थोरला भाऊ. एका भावाने अपमानाला कट्यारीने उत्तर दिले व प्राण दिले. धाकटा बावीस वर्षांनी त्याच आग्र्यात खिलत घेऊन उभा होता. महाराजांनी या दोहोंहून निराळे केले.

आता अडचणी. त्या लहान नाहीत. सुमारे अडीच किलोमीटर तटाच्या या किल्ल्याचा बराच मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असून तेथे प्रवेश नाही. दिल्ली दरवाजा त्यातच गेला. मोती मशीद बाहेरूनच पाहावी लागते. मे-जूनमध्ये तांबडा दगड असा तापतो की वृद्धांना नेणे धाडसाचेच. आणि मुख्य म्हणजे, ताज पाहून दमलेली मंडळी दिवसाच्या शेवटी तास-दीड तासात किल्ला ‘उरकतात’. तसा उरकायचा असेल तर न पाहिलेला बरा. घरी बसून मुलांना ती पत्रे गोष्टीसारखी सांगितली तर अधिक पदरी पडेल.

आणखी एक उणीव आहे, आणि तिला जबाबदार आपणच. १७८५ मध्ये हा किल्ला महादजी शिंद्यांच्या हाती आला. १७८७–८८ मध्ये इस्माईल बेगाचा वेढा पडला असताना लखबादादा लाड याने तो नेटाने झुंजविला. ऑक्टोबर १८०३ मध्ये जनरल लेकने तो घेईपर्यंत, सुमारे अठरा वर्षे, तेथे शिंद्यांचा अंमल होता. तीन महिन्यांच्या कैदेची जागा शोधणारे आपण या अठरा वर्षांची चौकशीसुद्धा करीत नाही. लखबादादाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? मला स्वतःला ते चाळिशीनंतर कळले.

त्या अठरा वर्षांची एक खूण किल्ल्याबाहेर, शहरातील रोमन कॅथलिक दफनभूमीत आहे. जॉन हेसिंग नावाचा डच सरदार शिंद्यांच्या चाकरीत होता, आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी होता. १८०३ च्या जुलैत तो वारला. त्याच्या कुटुंबीयांनी त्याच्यावर ताजमहालाच्या धर्तीवर तांबड्या दगडाची कबर बांधली. शिंद्यांचे मीठ खाल्लेल्या माणसाचा हा लहानसा लाल ताज, आणि आपल्या सहलीच्या बसेस त्याच शहरातून येतात-जातात, तेथे थांबत नाहीत.

म्हणून माझे मत असे की किल्ला पाहावा, पण हिवाळ्यात पाहावा आणि शुक्रवारी पाहावा. शुक्रवारी ताजमहाल प्रवाशांना बंद असतो, त्यामुळे सकाळ सगळी किल्ल्याला देता येते आणि कोणाची चुळबुळ होत नाही. आदल्या रात्री मुलांना १२ मेच्या दरबाराची हकीकत सांगावी. वाटाडा केला तरी त्याला कोठडी विचारू नये. दिवाणेखासपाशी पोहोचल्यावर घाई न करता थोडे बसावे, पाहुण्यांची छायाचित्रे होऊ द्यावीत, आणि दुपारी जेवण आटोपून हेसिंगच्या कबरीकडे वळावे. रिक्षावाल्याला ‘लाल ताज’ म्हणून सांगावे. न कळल्यास कॅथलिक दफनभूमी म्हणावे.

तो मुलगा आता नोकरीनिमित्त दक्षिणेत असतो. मागील दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी त्याला त्या दाराविषयीचे खरे काय ते सांगितले. तो हसला, आणि विचारले, "काका, मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"